आधी वजन, मग हौस

आपल्या झाशीतली काही तरुण मंडळी जीप घेऊन स्पितीला, तंबूत मुक्काम करीत जाणार आहेत. त्यांच्यासाठी चार शब्द.

आपल्या वर्कशॉपमधून निघणाऱ्या प्रत्येक वॅगनवर रिकामे वजन आणि भारक्षमता रंगवलेली असते. जीपचा आकडा मात्र पुस्तिकेत शोधावा लागतो. आता हिशेब करा : चार माणसे २८० किलो, ४० लिटर पाणी ४० किलो, २० लिटर डिझेल सुमारे १७ किलो, टपावरचा तंबू ५० किलो. झाले ३८७, स्वयंपाकाचे सामान अजून बाहेरच!

जड वस्तू खाली, दोन्ही चाकांच्या मधे, पट्ट्याने आवळून ठेवा. टपावर भार वाढला की उतारावर, वळणावर गाडी कलंडण्याची भीती. टपाची मर्यादा वेगळी असते, तीही पाहा. थंडी कितीही असो, बंद गाडीत किंवा तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

निघण्याआधी माणसांसकट भरलेली गाडी धर्मकाट्यावर चढवा. आकडा जास्त आला तर सामान उतरवा, माणूस नव्हे!

गणपती बाप्पा मोरया!