शाळा बदलते तेव्हा

(नजरबाद, म्हैसूर येथील पालकसभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नजरबाद या नावामागे एका स्थलांतराची कथा आहे. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि त्याच्या दगडांनी थोड्या अंतरावर नवे नगर उभारण्यास आरंभ केला. त्या नगराचे नाव नजरबाद. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तेच दगड पुन्हा म्हैसूरच्या किल्ल्यासाठी वाहून आणले गेले. दगडांना हे सोसते. शाळा बदलणाऱ्या मुलाकडेही शिक्षणव्यवस्था पुष्कळदा याच दृष्टीने पाहते. दाखला निघाला, गुणपत्रक जोडले, नव्या हजेरीपटावर नाव चढले, की काम पूर्ण झाले असे मानले जाते. बहुतेक मुले हे निभावून नेतात. परंतु ज्याला कमी ऐकू येते, ज्याला अक्षरे ओळखण्यास इतरांपेक्षा फार वेळ लागतो, ज्याला रोजच्या क्रमातील लहानसा बदलही असह्य होतो, त्याच्या बाबतीत दाखल्याबरोबर जे जात नाही तेच सर्वांत मोलाचे असते.

ते म्हणजे शिक्षिकेला त्या मुलाविषयी असलेली जाण. वर्षभराच्या सहवासात वर्गशिक्षिकेला हळूहळू कळत जाते, की या मुलाला पाठीमागून दिलेली हाक ऐकू येत नाही. खिडकीकडे पाठ करून उभे राहिले तर चेहऱ्यावर सावली पडते आणि त्याला ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे तोंड करून सांगितलेला गृहपाठ त्याच्यापर्यंत पोचतच नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीला सर्वांसमोर अचानक वाचायला उभे केले तर ती गप्प होते. तोच परिच्छेद आदल्या दिवशी नेमून दिला तर वाचते. या गोष्टी कोणत्याही नोंदवहीत नसतात. त्या शिक्षिकेच्या सवयीत मुरलेल्या असतात आणि मूल पुढच्या शाळेत गेले की तिथेच राहून जातात. मग नव्या वर्गात त्याच मुलाला ‘लक्ष देत नाही’, ‘उद्धट आहे’, ‘आळशी आहे’ अशी विशेषणे लागतात, आणि पालकांना सारे पहिल्यापासून सांगत बसावे लागते.

प्राथमिक शाळेतून माध्यमिक शाळेत जाताना ही अडचण अनेक पटींनी वाढते, याचे कारण अगदी साधे आहे. प्राथमिक वर्गात दिवसातील बहुतेक वेळ एकच शिक्षिका असते. माध्यमिक वर्गात दर तासाला नवा शिक्षक येतो, आणि त्यांतील प्रत्येकाच्या हाताखालून दिवसभरात अनेक वर्ग जातात. श्रवणयंत्राची बॅटरी उतरली आहे हे पूर्वी एका नजरेला कळत असे. आता ते सहा-सात जणांत वाटले जाते आणि म्हणून कुणाच्याच लक्षात येत नाही. भरीला मोठी इमारत, जिने, प्रयोगशाळा, दप्तरातील विषयवार वह्या आणि मधल्या सुटीतला कल्लोळ. ज्या मुलाला पुढे काय घडणार हे आधी ठाऊक असावे लागते, त्याच्यासाठी ही पडझडच असते.

‘तारे जमीं पर’ हा २००७ सालचा चित्रपट बहुतेक पालकांनी पाहिलेला असतो. तो आठवताना सर्वांना कलाशिक्षक आठवतात. पण मुलाची खरी घसरण कोठे सुरू होते हे पाहावे. घरी तो खोडकर आहे, बोलतो, रंगवतो. अचानक त्याला निवासी शाळेत नेऊन सोडले जाते आणि तिथे तो बोलणेच सोडतो. वाचनाची अडचण आधीच होती. शाळा बदलण्याच्या पद्धतीने ती दुःखात रूपांतरित केली. चित्रपटाची चर्चा होताना या भागाकडे फारसे कुणी वळत नाही.

म्हैसूरसारख्या शहरातील मराठी कुटुंबांना या प्रश्नाची आणखी एक बाजू सोसावी लागते. विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून सोन्याचांदीच्या गलाई व्यवसायासाठी दक्षिणेकडील गावोगावी गेलेली कुटुंबे आहेत. बँका, रेल्वे, सैन्य यांतील बदल्यांमुळे येणारी आहेत. मूल काही वर्षे गावी आजी-आजोबांजवळ शिकते आणि मग आईवडिलांजवळ येते, किंवा याच्या उलट घडते. महाराष्ट्रातील खेड्यांत चौथीनंतर शाळा बदलण्याची जुनी रीत आहे. कर्नाटकात प्राथमिक शाळा सातवीपर्यंत आणि माध्यमिक आठवीपासून. म्हणजे सहावीत इकडे आलेले मूल चार वर्षांत तीन शाळा पाहते: पाचवीची गावाकडे, सहावीची इथे, आठवीची पुन्हा नवी.

त्यात लिपी बदलते. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांची वर्णमाला एकाच मुशीतली आहे, त्यामुळे सर्वसाधारण मुलाला कन्नड लवकर येते. वाचनाची अक्षमता असलेल्या मुलाची गोष्ट वेगळी. देवनागरीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत तो अडखळत असतो. कन्नडात ‘प’ आणि ‘ष’, ‘द’ आणि ‘ध’ यांतील भेद एका छोट्याशा रेघेवर अवलंबून असतो. शिवाय मराठीत जोडाक्षराचा अर्धा भाग पुष्कळदा शेजारी येतो, तर कन्नडात दुसरे व्यंजन खाली लिहितात; ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ व ‘ओ’ हा मराठीत नसलेला भेदही शिकावा लागतो. एका लिपीत महत्प्रयासाने मिळवलेले थोडेसे स्थैर्य अशा वेळी पुन्हा डळमळते. हे बुद्धीचे अपयश समजणे अन्यायाचे आहे.

२०१५ च्या कायद्याने कर्नाटकातील शाळांत कन्नडचे शिक्षण टप्प्याटप्प्याने अनिवार्य झाले आहे, आणि ते योग्यच आहे. ज्या गावात राहावे त्या गावाची भाषा यावी. दुसरीकडे, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम १७ मध्ये परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट या सवलतींचा उल्लेख आहे. सूट मिळते म्हणून पालक कधी कधी कन्नडच बंद करून टाकतात. लेखी परीक्षेचे ओझे उतरवावे, पण कन्नड बोलणे सुटू देऊ नये. बसच्या वाहकाशी, दुकानदाराशी, मैदानावरच्या मित्रांशी जो बोलू शकतो, त्याचे शाळेत निम्मे निभावते. त्याचप्रमाणे, मुलाला नवी भाषा यावी म्हणून घरची मराठी थांबवण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो स्वीकारण्याचे कारण नाही. भीती वाटल्यावर मूल आईशी बोलते ते मराठीतच.

याच अधिनियमाने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता व स्वमग्नता यांचा समावेश झाला. अधिनियमानुसार मिळालेले प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असते, ही गोष्ट राज्य बदलणाऱ्या कुटुंबांनी अवश्य ध्यानात ठेवावी. परीक्षेतील सवलती मात्र आपोआप मागे येत नाहीत. त्यासाठी शाळेमार्फत त्या त्या मंडळाकडे कागदपत्रे जावी लागतात. महाराष्ट्रात अध्ययन अक्षमतेच्या विद्यार्थ्यांना १९९६ पासून सवलती आहेत, त्यामुळे मराठी पालकांना त्यांची माहिती असते. पण पुष्कळांच्या मनात तो केवळ दहावीचा विषय असतो. पाचवीतल्या मुलाला वाढीव वेळ देऊ नये असे कोठेही लिहिलेले नाही.

सर्वांत अवघड गोष्ट अजून बोलायची आहे. प्रवेशाच्या वेळी अनेक पालक मुलाची अडचण लपवतात. अहवाल कपाटात राहतो, श्रवणयंत्र केसांआड जाते, ‘जरा लाजाळू आहे’ एवढेच सांगितले जाते. शिक्षकांना याचा राग येतो, आणि तो समजण्याजोगा आहे. पण पालक असे का करतात? खरे सांगितल्यावर एखाद्या दारातून ‘जागा भरल्या’ हे उत्तर त्यांनी ऐकलेले असते. कायद्याने असा भेदभाव करता येत नाही. तरी नकार क्वचितच कारण सांगून येतो. तेव्हा लपवण्याचा दोष केवळ पालकांच्या पदरात टाकून चालणार नाही. प्रवेशाचा निर्णय आधी व्हावा आणि माहिती नंतर मागावी, हा क्रम ज्या शाळेने पाळला तिला पालक खरे सांगण्याची शक्यता पुष्कळ अधिक. पालकांनीही एवढे जाणावे, की लपवलेली गोष्ट पहिल्या चाचणीपर्यंतच लपते आणि तोवरचे महिने मूल एकटे काढते.

म्हैसूरला या कामात परंपरा आहे. टिळकनगरात मूकबधिर व अंध मुलांची शाळा १९०१ पासून आहे. मानसगंगोत्रीतील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ साली स्थापन झाली. तिथल्या पूर्वप्राथमिक वर्गात मुलांबरोबर मातांनाही शिकवले जाते. शब्द कसा पुढे ठेवावा, उत्तरासाठी किती थांबावे, हे त्या तिथे शिकतात. अशी तयार झालेली आई मुलाला सामान्य शाळेत आणते तेव्हा तिला फाटकावरच निरोप दिला जातो, हे विचित्र आहे. निदान पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे तिचे ऐकून घेतले, तर शिक्षकांचे श्रम वाचतील.

करण्याजोगे काम खर्चिक नाही. जुन्या शाळेच्या वर्गशिक्षिकेने एक पान लिहावे. त्यात निदानाचे नाव एका ओळीत यावे आणि उरलेले पान मूल कसे शिकते याला द्यावे: कोठे बसावे, कशाने घाबरते, घाबरल्यावर कोठे नेले की शांत होते, काय फार आवडते. शेवटच्या काही ओळी मुलाच्या स्वतःच्या असाव्यात. लिहिता येत नसेल तर त्याने सांगाव्यात आणि मोठ्यांनी सुधारणा न करता उतरवाव्यात. ते पान नव्या शाळेतील प्रत्येक विषयशिक्षकाच्या हाती पोचवण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे, नावानिशी, असावी. सर्वांची जबाबदारी म्हटली की ते पान कार्यालयातल्या फाइलीत जाते.

आणि वेळ. कर्नाटकातील शाळा साधारणपणे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बंद होतात आणि मेअखेर किंवा जूनच्या आरंभी उघडतात. महाराष्ट्रातील बहुतेक शाळा मेच्या आरंभापर्यंत चालतात आणि जूनच्या मध्याला सुरू होतात. या फरकामुळे तिकडून सावकाश येणारे मूल इथे चालू वर्गात, अर्ध्यावर, सर्वांच्या नजरा झेलत प्रवेश करते. हाच फरक उपयोगीही पडतो. एप्रिलअखेरीस गावची शाळा चालू असतानाच ते पान लिहून घेता येते आणि कुटुंब मेमध्ये म्हैसूरला आले तर रिकाम्या शाळेत मुलाला दोन-तीनदा आणता येते. वर्ग, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, घरापासूनचा रस्ता, हे सारे गर्दीशिवाय पाहू द्यावे. छायाचित्रे काढून घरी न्यावीत. परिसरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांपैकी कुणी त्या रस्त्यावरून सोबत चालले तर उत्तमच. मात्र सुटीत फाटक उघडायला कुणीतरी किल्ली घेऊन यावे लागते. त्याची व्यवस्था एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, शाळा बंद होण्यापूर्वी, ठरवून ठेवावी.