मारलवाईची शाळा आणि गावचे सण

(वार्षिकोत्सवानिमित्त देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



देवळाच्या अग्रशाळेत बसून ज्यांनी धुळाक्षरे गिरविली, अशा वडीलधाऱ्यांची परंपरा येथे जमलेल्या बहुतेक घराण्यांत आहे. सरकारी शाळेत पोर्तुगीज, घरात कोंकणी आणि देवळात मराठी, अशा तीन भाषांच्या कात्रीत गोव्यातील कित्येक पिढ्यांचे शिक्षण झाले. मुलाला पहिले अक्षर कोणत्या भाषेत द्यावे, हा प्रश्न म्हणूनच ह्या श्रोतृवर्गाला नवा नाही. तोच प्रश्न गोव्यापासून शेकडो मैल दूर, आदिलाबादच्या डोंगरांत वसलेल्या एका गोंड खेड्याने कसा सोडविला व पुढे तो पुन्हा कसा उभा राहिला, ती हकीकत आजचा विषय आहे.

त्या खेड्याचे नाव मारलवाई. ते जैनूर मंडलात येते. पूर्वीच्या विस्तीर्ण आदिलाबाद जिल्ह्याचे 2016 साली विभाजन झाले, तेव्हापासून ते कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडते; पण लोकांच्या बोलण्यात तो सारा मुलूख अद्याप आदिलाबादच. हा मुलूख मराठीला परका नव्हे. निजामाच्या राज्यात राजुरा व किनवट हे तालुके ह्याच जिल्ह्यात होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत ते तत्कालीन मुंबई राज्यात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला. गोंडांची मातृभाषा गोंडी असली तरी बाजारहाट व शेजारव्यवहार ह्यांसाठी मराठी त्यांच्या ओठांवर असे. त्यांच्या कुळांच्या कथा गाणारे जे प्रधान, त्यांच्या तर घरात मराठीच बोलली जाई. किकरी हे तंतुवाद्य वाजवीत ते यजमानांच्या देवांचे चरित्र मात्र गोंडीत गात.

1940 साली जोडेघाट येथे कुमरम भीम व त्यांचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. जंगल आणि जमीन ह्यांवरील हक्काचा तो झगडा होता. बंड मोडले, परंतु ते का झाले हे शोधणे सरकारला भाग पडले, आणि त्या कामी डॉ. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ ह्या व्हिएन्नात जन्मलेल्या मानववंशशास्त्रज्ञाची योजना झाली. महायुद्धामुळे ते हैद्राबाद संस्थानात अडकून पडले होते. राजधानीत बसून अहवाल लिहिण्याऐवजी त्यांनी व त्यांच्या पत्नी बेट्टी ह्यांनी मारलवाईत बिऱ्हाड केले आणि गोंडी भाषा आत्मसात केली.

त्यांना जे आढळले, त्याचे मर्म कागदपत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसास चटकन उमगेल. गोंडाची जमीन जात होती ती बव्हंशी कागदावरून. नोटीस येई, ती त्याला वाचता येत नसे. पावती मिळे, तीवर रक्कम किती लिहिली आहे हे तो सांगू शकत नसे. ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती शेत! कचेरीची भाषा उर्दू, सावकाराची वही दुसऱ्याच लिपीत, आणि ज्याचे शेत जायचे तो मनुष्य दाराबाहेर उभा. अशा स्थितीत शाळा काढणे हे शेत राखण्याचेच काम होते.

1943 साली मारलवाईत गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. अडचण अशी की शिक्षक होण्याजोगा साक्षर गोंड मिळणेच दुर्घट होते. थोडीफार मराठी अक्षरओळख असलेले तरुण शोधून काढावे लागले व त्यांच्यापासून आरंभ करावा लागला. त्यांच्यासाठी गोंडी भाषेत वाचनपाठ तयार करण्यात आले, आणि त्यांना लिपी दिली ती देवनागरी. ही निवड विचारपूर्वक केलेली होती. एकदा देवनागरी वळली की तीच अक्षरे मराठीला व हिंदीलाही चालतात. घरच्या भाषेत वाचायला शिकलेला मुलगा मग मराठीकडे व सरकारदरबारच्या उर्दूकडे वळे. ह्या केंद्रातून केवळ पंतोजी निघाले असे नव्हे. गावकामगार व जंगलखात्यातील कनिष्ठ नोकर ह्यांचीही तयारी तेथे झाली. दप्तर ज्याच्याविरुद्ध चालत आले, त्याच्याच हाती ते देण्याचा हा उद्योग होता.

ह्या कार्यातील एक नाव मराठी वाचकांस अन्य कारणाने सुपरिचित आहे. शिवकालाचे व्यासंगी इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे त्या दशकात हैद्राबाद संस्थानचे अधिकारी म्हणून आदिलाबादच्या आदिवासींत काम करीत होते. त्यांनी गोंडी शिकून घेतली आणि गोंडांविषयी व त्यांच्या भाषेविषयी लेखन केले. फारसी कागदांतून शिवचरित्राचे धागे वेचणाऱ्या ह्या पंडिताने रानातल्या भाषेचे व्याकरणही तितक्याच आदराने पाहिले, हे त्यांच्या चरित्रात सहसा पुरेसे सांगितले जात नाही.

आता त्या भागातील शाळेचे वर्ष कसे फिरते ते पाहू. उन्हाळा तेथे निष्ठुर. पारा 45 अंशांच्या आसपास जातो. मार्चच्या मध्यापासून शाळा सकाळच्या एका सत्राची होते आणि एप्रिलच्या अखेरीस सुटी लागते. परंतु ह्याच दिवसांत मोहाचे झाड फुलते. मोहफुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्यापूर्वी ती वेचावी लागतात. वेचणीला लहान हातांचा मोठा उपयोग. आई टोपली घेऊन निघते, पाठोपाठ भावंडे निघतात, आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. पुढे तेंदूपाने तोडण्याचा हंगाम येतो. गुरुजींनी रागवावे कोणावर? घरचे मीठमिरची ज्या फुलांवर अवलंबून, त्यांच्याशी घंटेने स्पर्धा करू नये, हे शहाणा शिक्षक पहिल्याच वर्षी शिकतो. गोव्यात काजूच्या बिया गोळा करण्याच्या दिवसांत वर्ग कसे रिकामे होत, ते जुन्या शिक्षकांना विचारावे.

तेलंगणात शाळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात. त्या सुमारास शिक्षक गावातून घरोघर जाऊन मुलांची नावे पटावर घालून घेतात. ह्या मोहिमेला तेलुगूत बडी बाट, म्हणजे शाळेची वाट, असे नाव आहे. तिकडे पहिल्या पावसाने शेत ओले होते. आषाढात अखाडीचा सण, त्यानंतर पोळा, आणि आश्विनातील पौर्णिमेनंतर दिवाळीपर्यंत दंडारीचे दिवस. तेव्हा मोरपिसांचे भव्य मुकुट घातलेले गुस्साडी नर्तक गावोगाव पाहुणे म्हणून जातात. यजमान गाव त्यांना जेवू घालते. ज्या मुलाचा काका वा थोरला भाऊ गुस्साडी झाला आहे, त्याचे लक्ष त्या दिवसांत फळ्याकडे कसे लागावे? ह्याच मारलवाईचे कनक राजू ह्यांनी आयुष्यभर तरुणांना गुस्साडी शिकविले. 2021 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 2024 साली ते निवर्तले. शाळेच्या पटाबाहेरचे असे गुरू गावाला लाभावे लागतात.

महाजन मंडळींना विशेष जिव्हाळ्याची वाटेल अशी गोष्ट केसलापूरच्या नागोबा जत्रेची. पौष अमावास्येला मेसराम कुळाचे लोक गोदावरीचे पाणी पायी आणून आपल्या कुलदेवतेची पूजा करतात, आणि कुळात आलेल्या नव्या सुनांची देवाला ओळख करून दिली जाते. त्या ओळखीवाचून सून कुळाची होत नाही. हे ऐकताना, लग्नानंतर कुलदेवाच्या पायांवर घातलेल्या आपापल्या घरच्या नववधू कोणाच्या डोळ्यांपुढे येणार नाहीत? हायमेनडॉर्फ ह्यांच्या काळापासून ह्या जत्रेत दरबार भरू लागला. त्यात अधिकाऱ्यांनी लोकांसमोर बसून गाऱ्हाणी ऐकावयाची असतात. देवाच्या जत्रेतच सरकारलाही हजर करण्याची ही युक्ती मोठी मार्मिक होय.

परंतु शाळेच्या कथेला दुसरी बाजू आहे. 1948 साली हैद्राबाद भारतात विलीन झाले, राज्ये बदलली, आणि गोंडीतून शिकविण्याची ती व्यवस्था टिकली नाही. तेलुगू माध्यम आले. राज्याची भाषा शिकल्यावाचून मुलाला नोकरी मिळणार नाही, हे म्हणणे चुकीचे नव्हते. पोर्तुगीज शिकलेल्यांना लिपिकाची खुर्ची मिळे, हे गोव्यानेही पाहिले आहे. तथापि सहा वर्षांच्या मुलाला अक्षर आणि परकी भाषा ही दोन्ही ओझी एकाच दिवशी उचलावयास लावणे ही वेगळी गोष्ट. पुढे अनेक वर्षांनी हायमेनडॉर्फ त्याच गावांत परतले. 1982 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी जमिनी पुन्हा हातच्या जात असल्याची व गोंडी शिक्षण मागे पडल्याची नोंद दुःखाने केली आहे. उभारलेले काम आपल्या डोळ्यांदेखत खचलेले पाहण्याचे त्यांच्या नशिबी आले.

अलीकडे एक नवल घडले. नारनूर मंडलातील गुंजाला गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपीतील जुनी हस्तलिखिते उजेडात आली. गावातील थोड्या वृद्धांना ती वाचता येत होती. ती लिपी 2018 साली संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात समाविष्ट झाली. ज्यांना अक्षरशून्य समजून देवनागरी दिली गेली, त्यांच्याच एका खेड्यात पेटीत स्वतःची लिपी पडून होती! देवनागरीचा निर्णय म्हणून चुकला असे नव्हे. त्या वेळी हाती जे होते त्यातून मार्ग काढला गेला. मात्र देणाऱ्याने आधी घरातील पेटी उघडून पाहावी, एवढे खरे.

बेट्टी हायमेनडॉर्फ 1987 च्या जानेवारीत हैद्राबाद येथे वारल्या. त्यांची समाधी मारलवाईत आहे. 1995 साली लंडनमध्ये निधन पावलेल्या त्यांच्या पतीच्या अस्थीही 2012 साली तेथेच आणून पत्नीशेजारी ठेवण्यात आल्या. दरवर्षी 11 जानेवारीला गावकरी त्या दोन समाध्यांपाशी जमतात, फुले वाहतात, आपल्या रीतीने पूजा करतात. त्या वेळी आलेल्या अधिकाऱ्यांकडे कोणी अर्ज देतो. तो अर्ज आता गावातलाच माणूस लिहितो.