तुंबडी लावण्याआधी
(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात दिलेले भाषण)



फलकावर ‘कपिंग थेरपी’ लिहिलंय, पण आपल्या ज्येष्ठांना ती ‘तुंबडी’ म्हणूनच ठाऊक आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढायला शिंग, जळू आणि भोपळ्याची तुंबडी सांगितली आहे. वैदू मंडळी ती घेऊन गावोगाव फिरत. युनानीत हिलाच हिजामा म्हणतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर जांभळे गोल दिसले आणि जुनी तुंबडी काचेचा कप होऊन पुन्हा घरोघरी चर्चेत आली.

यात होतं काय? कपातली हवा तापवून किंवा पंपाने कमी केली की कातडी वर ओढली जाते, तिथे रक्त जमतं, बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि डाग पडतो. तो डाग म्हणजे ‘खराब रक्त’ नव्हे, मुका मार लागल्यावर पडतो तसाच तो. मानेत उसण भरली, पाठ आखडली, तर काहींना थोडे दिवस आराम पडतो. पण त्याने शिरांमधले ब्लॉकेज निघतात, हे सिद्ध झालेलं नाही.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की उतरते, किंवा एकच पाय सुजून गरम होतो, तर दुखणं स्नायूचं नसून रक्तवाहिनीचं असू शकतं. छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा दुखणं आणि घाम, असं असेल तर तुंबडी नको, थेट दवाखाना गाठा. आपल्या विदर्भात सिकलसेल बरंच आढळतं. त्याच्या कळा पाठीत, हातापायांत येतात. अशा रुग्णाचं रक्त काढणं म्हणजे आधीच कमी असलेलं आणखी कमी करणं. शुगरमुळे पाय बधिर असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप लावू नका.

आणि चीर देऊन रक्त काढणार असतील, तर ब्लेड नवं आहे का, कप निर्जंतुक आहे का, हे बिनधास्त विचारा. कावीळ ‘बी’, ‘सी’ आणि एचआयव्ही रक्तातूनही पसरतात. विचारायला संकोच कसला?

आजी-आजोबांची तुंबडी वाईट नव्हती. तेव्हा तपासण्या हाताशी नव्हत्या. आज आहेत. आधी दुखणं ओळखू, मग उपाय करू.