घटक निर्दोष, तरी प्रणाली सदोष



गावच्या नळपाणी योजनेचे उदाहरण घ्यावे. विहिरीला पाणी मुबलक, पंप उत्तम, टाकीही भक्कम; परंतु पंपाचा दाब जलवाहिनीला पेलवणारा नसेल तर ती फुटते आणि घागरी रिकाम्याच राहतात. येथे दोष कोणत्याही एका वस्तूचा नसून त्यांच्या परस्परसंबंधाचा असतो. या संबंधांचा शास्त्रशुद्ध विचार म्हणजेच प्रणाली अभियांत्रिकी होय. आज विमाने, रेल्वेचे सिग्नल व रुग्णालयांतील यंत्रे यांचा बराचसा कारभार संगणकाच्या आज्ञावलीवर, म्हणजे सॉफ्टवेअरवर चालतो. म्हणूनच अशा सॉफ्टवेअरप्रधान प्रणालींचे पदव्युत्तर शिक्षण अगत्याचे ठरले आहे.

ते का आवश्यक आहे, हे एका घटनेवरून स्पष्ट होईल. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियन-५ हे नवे रॉकेट प्रथमच झेपावले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याबरोबर चार वैज्ञानिक उपग्रहही गेले. रॉकेटाची गती व दिशा सांगणाऱ्या उपकरणाची आज्ञावली आधीच्या एरियन-४ मध्ये चोख चालली होती. तीच नव्या रॉकेटात वापरण्यात आली. परंतु नव्या रॉकेटाचा आडवा वेग आरंभीच पुष्कळ अधिक होता. त्याच्याशी निगडित संख्येसाठी राखलेल्या जागेत ३२,७६७ हून मोठा आकडा मावत नव्हता. आकडा मोठा आला आणि उपकरण बंद पडले. जोडीला राखीव उपकरण होते; पण त्यातही तीच आज्ञावली असल्याने ते क्षणभर आधीच निकामी झाले होते. बिघाडाचा संदेश मुख्य संगणकाने दिशेची माहिती समजून स्वीकारला व रॉकेट भलतीकडे वळविले. विशेष म्हणजे, ज्या गणनेमुळे हे घडले तिची उड्डाणानंतर गरजच नव्हती.

गणितज्ञ झाक-लुई लिओन्स यांच्या अध्यक्षतेखालील मंडळाने चौकशी केली. उपकरणाच्या अपेक्षापत्रकात नव्या रॉकेटाच्या मार्गाची माहितीच अंतर्भूत नव्हती, असे आढळून आले. चूक एका ओळीची दिसली, तरी तिचे मूळ गृहीतकात होते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांत भर असतो तो याच गोष्टींवर: वापरणाऱ्याची गरज निःसंदिग्ध शब्दांत मांडणे, घटकांचे सांधे निश्चित करणे, संभाव्य धोके आधीच हेरणे, प्रत्यक्ष परिस्थितीत चाचणी घेणे. जुनी वस्तू नव्या जागी बसविताना तिची गृहीतके पुन्हा तपासावयाची, हाही त्यातला महत्त्वाचा पाठ होय. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रणाली व नियंत्रण अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण दिले जाते. अशा एम.टेक. अभ्यासक्रमांसाठी अभियांत्रिकी पदवीनंतर ‘गेट’ ही परीक्षा द्यावी लागते.

शिक्षकांनी हुशार विद्यार्थ्यांना हा मार्ग अवश्य दाखवावा. अधिकाऱ्यांनीही नवी संगणक प्रणाली मागविताना, ती कोण, कोठे व कोणत्या परिस्थितीत वापरणार, हे आधी लेखी नमूद करावे. ग्रामस्थांनी आपली अडचण तपशीलवार सांगावी. कारण चांगल्या प्रणालीचा आरंभ तेथूनच होतो.

एरियन-५ चे दोष पुढे दूर झाले. २५ डिसेंबर २०२१ रोजी याच जातीच्या रॉकेटाने जेम्स वेब ही दुर्बीण अंतराळात सुखरूप पोहोचविली. अपयशाचे कारण प्रामाणिकपणे शोधले, तर तेच उत्तम शिक्षण ठरते.