पुढील भागाचा वाचक

एखाद्या गाजलेल्या कथेचा पुढील भाग निघाला म्हणजे वाचकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, "पहिल्याची सर याला नाहीं." दुसरा म्हणतो, "खरी गोष्ट आतांच सुरू झाली." या वादाकडे आम्ही शिक्षक बहुधा पोरखेळ म्हणून पाहतों. तसें पाहण्यांत चूक होते. आणि ती मीं स्वतः केलेली असल्यामुळें आज त्याविषयीं चार शब्द बोलण्याचें धाडस करीत आहें.

गोष्ट भागाभागांनीं सांगण्याची रीत फार जुनी. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणण्यास आरंभ केला, तेव्हांपासून बगदादच्या गल्ल्यांतले जिन्न आपल्याहि घरांत वावरूं लागले. तेथें वजिराची कन्या रोज रात्रीं गोष्ट अर्धी ठेवी, आणि पुढचा भाग ऐकण्याच्या ओढीनें राजा तिचा वध लांबणीवर टाकी. पुढचा भाग फसता तर तिचें मस्तकच जातें! इतका कठोर श्रोता सुदैवानें आजच्या लेखकांच्या वांट्यास येत नाहीं.

तरी वाचकाचा अधिकार कमी झाला असें नव्हे. आर्थर कॉनन डॉइल यांनीं १८९३ सालीं शेरलॉक होम्सचा अंत केला. वाचक संतापले, आणि अखेर १९०३ सालीं तो जिवंत होऊन परतला. पुढें कॉर्नवॉलच्या एका नावाड्यानें डॉइलसाहेबांस सांगितलें कीं, कड्यावरून पडून होम्स मेला नसेल, पण त्यानंतर तो पूर्वीचा माणूस कांहीं राहिला नाहीं. ही हकीकत खुद्द डॉइल यांनींच सांगितलेली आहे. वल्हें मारणाऱ्या त्या माणसाची टीका मला पुष्कळ विद्वत्तापूर्ण परीक्षणांहून मोलाची वाटते.

तशीच एक टीका आमच्या मुरूडच्या बाजूस माझ्या कानीं आली. जे. के. रोलिंग या इंग्रज लेखिकेची हॅरी पॉटर ही सात भागांची माला १९९७ पासून २००७ पर्यंत प्रसिद्ध झाली. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानें ती मराठींत आणली. पहिल्या भागाचें नांव 'हॅरी पॉटर आणि परीस'. नेहमींच्या लंडन शहराच्या पोटांत जादूगारांचें दुसरें शहर दडलेलें आहे, अशी तिची कल्पना. २००३ सालच्या पाचव्या भागांत अकरा आणि तेरा क्रमांकांच्या घरांमध्यें बारावें घर गुप्त आहे, आणि रस्त्यावरच्या टेलिफोनच्या खोक्यांतून जादूच्या सरकारी कचेरींत उतरतां येतें. या भागांत नायक पंधरा वर्षांचा असून सदा रागावलेला आहे. पुष्कळ वाचकांस तो रुचला नाहीं.

माझ्या सातवीच्या वर्गांत कोळीवाड्यांतला एक मुलगा होता. पहिले चार भाग त्यानें वाचनालयांतून नेऊन पुनःपुन्हां वाचले होते. 'न आवडलेलें पुस्तक' या विषयावर निबंध लिहावयास सांगितला, तेव्हां त्यानें या पाचव्या भागावर लिहिलें: हॅरी सर्वांवर ओरडतो, तो पूर्वीं चांगला होता, बाईंनीं त्याला बिघडवला. मीं तांबड्या शाईनें शेरा मारला, "दुसऱ्याचे दोष काढण्याआधीं स्वतःचें शुद्धलेखन सुधारावें," आणि दहांपैकीं तीन गुण दिले. त्यानंतर तो वाचनालयाकडे फिरकला नाहीं.

त्याचें म्हणणें खोडून काढावें म्हणून मीं तो ग्रंथ वाचावयास घेतला, आणि माझेच डोळे उघडले. त्यांत वडील मंडळी दार लावून खलबतें करतात आणि मुलाला कांहींच सांगत नाहींत. अखेर त्याचा धर्मपिता मरतो, आणि त्याचे वृद्ध गुरु कबूल करतात कीं, आपण त्याला आधींच सारें सांगावयास हवें होतें. त्याच वर्षीं नारळी पौर्णिमेनंतर दर्यावर गेलेली आमच्या मुलाच्या काकांची होडी परतली नव्हती. घरांत मोठीं माणसें बोलूं लागलीं कीं पोरांना बाहेर धाडीत. हें मला ठाऊक होतें. पण निबंध तपासतांना आठवलें नाहीं.

मीं त्याला बोलावून घेतलें आणि म्हटलें, "बाळ, तुझा निबंध मला नीट वाचतां आला नाहीं." तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, तो ओरडतो तें मला बघवत नाहीं. मी पण घरीं तसाच ओरडतों."

श्रोतेहो, पुढील भाग हातीं येतो तेव्हां केवळ नायकच बदललेला नसतो. वाचकहि बदललेला असतो. पहिल्या भागाचा आनंद त्याला तसाच परत हवा असतो, आणि तो कोणीहि देऊं शकत नाहीं. म्हणून त्याच्या रागांत पुस्तकावरील टीका असते, तशी स्वतःची एखादी व्यथाहि असूं शकते. ती ऐकून घ्यावी. वाचनालयांनीं वाचकांच्या अभिप्रायांची एक वही ठेवावी, आणि निदान त्या वहींत तरी शिक्षकांनीं तांबडी शाई वापरूं नये.

कांहीं वर्षांनीं तो मुलगा मला धक्क्यावर भेटला. आतां तो स्वतः होडीवर जातो. म्हणाला, "गुरुजी, तो भाग पुन्हां वाचला. आतां तोच सगळ्यांत खरा वाटतो." आणि जाळें उचलतां उचलतां हंसून पुढें म्हणाला, "पण पहिल्याची मजा नाहीं!"

मीं त्याला मनांतल्या मनांत दहांपैकीं दहा गुण दिले.