फुफ्फुसात पोहोचलेल्या औषधाचे मोल



औषधाच्या किमतीची चर्चा कारखान्यापासून दुकानापर्यंत होते. दम्याच्या बाबतीत हा हिशेब तेथे थांबविता येत नाही. इन्हेलरमधून सुटलेल्या औषधापैकी फुफ्फुसात किती उतरले, यावर त्याचे मोल ठरते.

लंडनमध्ये स्टीफन न्यूमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये हे मोजून दाखविले. दाबयुक्त इन्हेलरमध्ये औषधाऐवजी टेफ्लॉनचे सूक्ष्म कण घालून त्यांना टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी समस्थानिक जोडण्यात आला. त्याचा अर्धायुकाल सुमारे सहा तासांचा असल्याने शरीरावर किरणांचा भार अल्प पडतो. रुग्णांनी फवारा ओढल्यावर गॅमा कॅमेऱ्याने कण कोठे बसले ते टिपले. फुफ्फुसात सरासरी अवघे ९ टक्के कण आढळले. सुमारे ८० टक्के तोंडात व घशातच अडकले होते! पुढे १९९१ च्या अभ्यासात असे दिसले, की दाबणे व श्वास घेणे यांचा मेळ न जमणाऱ्या रुग्णांत साध्या इन्हेलरचे सुमारे ७ टक्के औषध फुफ्फुसात जाते. श्वासाबरोबर आपोआप सुटणाऱ्या उपकरणाने हेच प्रमाण सुमारे २१ टक्क्यांवर गेले.

कणांचा आकारही निर्णायक असतो. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण श्वासनलिकांत खोलवर जातात, मोठे घशावर आदळतात. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानंतर क्लोरोफ्लुरोकार्बन वायू बदलावे लागले. तेव्हा बेक्लोमेथॅसोनचे नवे द्रावण इतक्या बारीक कणांचे निघाले, की निम्मे किंवा अधिक औषध फुफ्फुसात जाऊ लागले आणि मात्रा जवळजवळ निम्मी करता आली. ओझोनच्या रक्षणासाठी केलेल्या कराराचा हा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल.

किरणोत्साराविनाही मोजमाप होते. गिळलेले औषध आतड्यातून शोषले जाऊ नये म्हणून सक्रिय कोळसा पाजतात. मग रक्तात सापडते ते मुख्यतः फुफ्फुसातून आलेले असते. गोळीच्या जेनेरिकसाठी रक्तातील प्रमाण जुळले की बहुधा भागते. इन्हेलरमध्ये मात्र कण, उपकरण व रक्त या सर्वांची समतुल्यता सिद्ध करावी लागते आणि हा खर्च स्पर्धेला रोखून धरतो. फ्लुटिकासोन-साल्मेटेरॉलच्या भुकटी-इन्हेलरला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली. त्याचे पहिले जेनेरिक आले जानेवारी २०१९ मध्ये. एप्रिल २०२० मध्ये सिप्ला या भारतीय कंपनीच्या साल्ब्युटामॉल इन्हेलरला तेथे मान्यता मिळाली, तिचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

जागतिक रोगभार अभ्यास २०१९ नुसार जगातील सुमारे १३ टक्के दमारुग्ण भारतात आहेत, परंतु दम्याच्या मृत्यूंत भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक आहे. यामागे निदानातील विलंब व इन्हेलरविषयीचा संकोच ही कारणे आहेतच. साल्ब्युटामॉल व ब्युडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूची २०२२ मध्ये आहेत आणि त्यांच्या इन्हेलरची कमाल किंमत प्रति मात्रा ठरते. फवारा चुकीचा ओढणाऱ्यास मात्र, १९९१ चे आकडे लावल्यास, त्याच दरात फुफ्फुसातील प्रत्येक मायक्रोग्रॅम तिप्पट महाग पडतो.