यंत्राची पायाभरणी : मुक्त संगणकप्रणाली आणि मराठी ग्रंथसूची



ग्रंथालयाचे धन कपाटांत असते, परंतु त्या धनाची किल्ली सूचीत असते. दाखल-नोंदवही गहाळ झाली किंवा सूचीपत्रांचा क्रम विस्कटला, तर पुस्तक जागेवर असूनही वाचकाला ते नसल्यासारखेच होते. आज ही किल्ली बहुतेक ठिकाणी संगणकाच्या स्वाधीन झाली आहे. म्हणून तो संगणक कोणाच्या स्वाधीन आहे, हा प्रश्न ग्रंथालयापुरता केवळ तांत्रिक राहत नाही.

भोपाळमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य अस्तित्वात आले व भोपाळ त्याची राजधानी झाली. नागपूर, ग्वाल्हेर आणि इंदूर येथील सरकारी कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कुटुंबे येथे आली; ‘भेल’च्या कारखान्याने त्यांत भर घातली. घरात मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत हिंदी-इंग्रजी असा या कुटुंबांचा भाषाव्यवहार झाला. दुकानातून सज्ज होऊन येणारा संगणकही त्याच वळणाचा असतो. तो मुळात इंग्रजी जाणतो, कोणी सांगितलेच तर हिंदी. मराठीची सोय त्यात असू शकते, पण ती निवडण्याचे कारण विक्रेत्याला नसते.

याला पर्याय आहे तो मुक्त कार्यप्रणालीचा, म्हणजे ज्या ऑपरेटिंग सिस्टीमची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येते तिचा. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला, तोच लिनक्स. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी ‘डेबियन’ हा संच सुरू केला. तो आजही जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. ग्रंथालयांच्या दृष्टीने आणखी एक नाव महत्त्वाचे आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासाने आपल्यासाठी करवून घेतलेली ‘कोहा’ ही आज्ञावली जानेवारी २००० मध्ये वापरात आली आणि तिची संहिता सर्वांना खुली करण्यात आली. माओरी भाषेत ‘कोहा’ म्हणजे भेट. लोकांनी दिलेल्या पुस्तकांवर वाढलेल्या संस्थांना हे नाव परके वाटू नये.

ही प्रणाली सर्व साजासह एका दमातही बसविता येते. परंतु तिचा किमान सांगाडा घेऊन, एकेक भाग हाताने जोडण्याचीही रीत आहे. पहिल्या रीतीत वेळ वाचतो. दुसरीत यंत्रात काय आहे व का आहे ते कळते. नको असलेल्या गोष्टी मुळात येतच नाहीत, त्यामुळे जुन्या यंत्रावर भार पडत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित पाठबळ संपले आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारी कितीतरी चालती यंत्रे अडगळीच्या वाटेला लागली. अशा यंत्रांना या रीतीने दुसरे आयुष्य मिळू शकते. मात्र एक मर्यादा ध्यानात असावी. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून फार जुन्या, ३२ बिटांच्या संगणकांवर नव्याने बसविण्याची सोय राहिलेली नाही. यंत्र ६४ बिटांचे आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे.

आता प्रत्यक्ष कृती. प्रथम पेन ड्राइव्हवरून तात्पुरती प्रणाली सुरू करतात. पडद्यावर चित्रे नसतात. काळ्या पार्श्वभूमीवर एक ओळ आज्ञेची वाट पाहत असते. पहिली आज्ञा बदलाची नव्हे, पाहणीची असावी. यंत्राला किती तबकड्या जोडलेल्या आहेत, कोणतीची नावे काय आणि आकार किती, हे ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा दाखविते. एक तबकडी ‘एसडीए’ तर दुसरी ‘एसडीबी’ असते. शेवटच्या एका अक्षराची चूक झाली, तर रिकाम्या तबकडीऐवजी वर्षानुवर्षांची सूची पुसली जाते आणि यंत्र त्याबद्दल हळहळत नाही. म्हणून जुन्या नोंदींची प्रत दुसरीकडे काढून, ती उघडते याची खात्री करून, मगच पुढचे पाऊल टाकावे.

त्यानंतर तबकडीचे विभाग पाडतात. आरंभासाठी एक लहान विभाग, प्रणालीसाठी दुसरा आणि ग्रंथालयाच्या माहितीसाठी तिसरा, अशी वाटणी सोयीची. कारण पुढे प्रणाली पुन्हा बसवावी लागली तरी माहितीच्या विभागाला हात लावावा लागत नाही. विभागांवर धारिकांची रचना आखली जाते. मग ‘डेबूटस्ट्रॅप’ ही आज्ञा डेबियनचा किमान सांगाडा आणून ठेवते. त्यात तोवर गाभाही नसतो. ‘क्रूट’ या आज्ञेने त्या अपुऱ्या घरात प्रवेश करावयाचा आणि आतून गाभा बसवायचा. कोणता विभाग कोठे जोडायचा, हे ‘एफएसटॅब’ नावाच्या धारिकेत लिहावे लागते. येथे ‘एसडीए’सारखे नाव न लिहिता विभागाचा दीर्घ ओळखक्रमांक लिहिणे हिताचे, कारण नावे तबकड्यांच्या जोडणीप्रमाणे बदलू शकतात. शेवटी गाभ्याला जागे करणारी ‘ग्रब’ ही आरंभक आज्ञावली बसवितात.

पहिल्या प्रयत्नात यंत्र सुरू न होणे यात नवल नाही. परंतु दोष कोठे असावा हे माणसाला ठाऊक असते, कारण प्रत्येक ओळ त्यानेच लिहिलेली असते. पेन ड्राइव्हवरून पुन्हा आत शिरून चुकलेली ओळ दुरुस्त करता येते. सज्ज संगणक बिघडला की दुकानाचा रस्ता धरावा लागतो; हाताने उभारलेला बिघडला तर वही उघडावी लागते.

याच ओघात प्रणाली काही प्रश्नांची उत्तरे मागते. स्थानिक काल कोणता? ‘आशिया/कोलकाता’ असे न सांगितल्यास देवघेवीच्या तारखा मध्यरात्रीच्या आसपास घसरतात. भाषा कोणती? उपलब्ध भाषांची एक लांब यादी असते आणि तिच्यातील प्रत्येक ओळीपुढे ती निष्क्रिय ठेवणारे चिन्ह असते. भारतातील मराठीसाठी ‘एमआर-आयएन’ ही ओळ शोधून तिच्यापुढील चिन्ह काढावे लागते. हे एक चिन्ह काढण्याचे काम त्या भाषेचा माणूस समोर असल्याखेरीज होत नाही.

देवनागरी दिसली म्हणजे मराठी आली, असा भोपाळमध्ये सहज होणारा समज आहे. तो अपुरा आहे. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. रेड हॅटने मुक्त परवान्याखाली दिलेल्या ‘लोहित’सारख्या टंकांत ती वळणे आहेत, पण मजकूर मराठी असल्याचे यंत्राला कळले तरच ती उमटतात. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातील खोलगट भाग. हिंदीच्या सवयीने टंकलेखन करणाऱ्या हाताला हा भेद जाणवतही नाही. शिवाय ‘दऱ्या’तील अर्धा र दोन निरनिराळ्या रीतींनी टंकित करता येतो. डोळ्याला दोन्ही सारखे, यंत्राला मात्र वेगळे. एका रीतीने नोंदविलेले पुस्तक दुसऱ्या रीतीने शोधणाऱ्या वाचकाला सापडत नाही. म्हणून ग्रंथालयाने एकच रीत ठरवून ती पाळावी.

अनुक्रमाचीही तीच कथा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, युनिकोडच्या संकेतांकांत त्याचे स्थान ‘ल’च्या लगोलग आहे. केवळ संकेतांकांच्या क्रमाने यादी लावली, तर ‘केळकर’ हे ‘केसकर’च्या आधी येतील आणि मराठी वाचक त्यांना नंतर शोधत बसेल. सूची वापरात आणण्यापूर्वी अशा आठ-दहा नावांची चाचणी घ्यावी.

ही कामे कोणी तरी केली म्हणून झाली आहेत. भोपाळला त्याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. ‘रवि रतलामी’ या नावाने ओळखले जाणारे रविशंकर श्रीवास्तव मध्यप्रदेश विद्युत मंडळात अभियंता होते. आधी रतलाम व पुढे भोपाळ येथे राहून त्यांनी मुक्त प्रणालींतील हजारो वाक्ये हिंदीत आणली. त्यानंतर आपल्या जन्मप्रदेशाच्या छत्तीसगढीतही. छत्तीसगढीत संगणक चालविण्याची मागणी कोणत्या बाजारात नोंदली गेली असती? संहिता खुली होती, म्हणून बाजाराची वाट पाहावी लागली नाही. जानेवारी २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे काम मात्र त्या प्रणालींबरोबर आजही वाटले जाते.

तरी या मार्गाचा एक धोका लपवून चालणार नाही. उत्साही तरुण येतो, प्रणाली उभारतो आणि नोकरीनिमित्त पुण्याला वा परदेशी जातो. मागे राहते एक बंद पेटी आणि कोणालाच ठाऊक नसलेला परवलीचा शब्द. मग विक्रेत्यावरचे अवलंबन जाऊन एका व्यक्तीवरचे येते, एवढाच फरक. त्यावरील उपाय ग्रंथालयाच्या जुन्या शिस्तीतच आहे : नोंद. बसविताना दिलेली प्रत्येक आज्ञा व तिचे कारण साध्या मराठीत वहीत लिहावे. किमान दोघांना ते काम यावे. सूचीची प्रत दररोज निघावी, तिची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, आणि वर्षातून एकदा त्या वहीच्या आधारे रिकाम्या यंत्रावर सर्व काही पुन्हा उभारून पाहावे. जी प्रत परत उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर भिस्त ठेवू नये.

शंभर वर्षांपूर्वीच्या दाखल-नोंदवहीला दाखविणारा कोणी लागत नाही. ती उघडली की वाचता येते. संगणकावरील सूचीलाही हाच निकष लावावा. आजचा ग्रंथपाल निवृत्त झाल्यावर येणाऱ्या ग्रंथपालाला ती कोणाचीही परवानगी न घेता उघडता आली पाहिजे. त्यासाठी यंत्राशेजारच्या कपाटात, दाखल-नोंदवहीच्या बाजूला, ही दुसरी वही आजपासून ठेवावी आणि तिलाही रीतसर दाखल क्रमांक द्यावा.